जुन्या कॅमेऱ्याचं कातडं चिकटवताना

फिल्म कॅमेऱ्याचं सुटलेलं कातडं चिकटवायला फेविक्विक चुकूनही वापरू नका. त्याची वाफ लेन्सवर बसून पांढरा थर धरते. शिवाय बऱ्याच मॉडेलांचे स्क्रू कातड्याखालीच असतात. पुढच्या दुरुस्तीला ते उचलताना फाटतं, आणि तसं कातडं पुन्हा मिळणं कठीण. चपलांच्या दुकानात लागतं ते रबरी सोल्युशन उत्तम. आधी जुना गोंद स्पिरिटनं पुसा. मग कातड्याची मागची बाजू आणि कॅमेऱ्याची बॉडी, दोन्हींना सोल्युशनचा अगदी पातळ हात द्या, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 वर असताना, तो भराभर वाळतो. म्हणून सकाळीच बसा. कूलरसमोर मात्र नको, दमट हवेनं पकड कमी होते.