इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ लावताना: नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी

मराठी माध्यमातून शिकून पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाल्यावर मला जाणवले की, बैठकीतले इंग्रजी अडते ते अवघड शब्दांपाशी नव्हे, तर सोपे, ओळखीचे शब्द एकत्र येऊन वेगळाच अर्थ सांगू लागतात तिथे. तरीही वाक्प्रचार आणि त्यांच्यासमोर मराठी म्हणी अशा लांबलचक याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुसळधार पावसासाठी शाळेत शिकवला जाणारा कुत्र्या-मांजरांचा वाक्प्रचार कामाच्या ठिकाणी क्वचितच कानी पडतो. उलट 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणे, ही जोडक्रियापदे रोजच लागतात. त्यांचा अर्थ सुट्या शब्दांच्या बेरजेतून निघत नाही. आपल्या 'नको ते करून बसला' यातही बसण्याची क्रिया नसतेच. म्हणून ऐकलेले वाक्य पूर्णच वहीत उतरवावे आणि नंतर शब्दकोश पाहावा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवत असताना परभाषक विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केलेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डच्या नावाने निघणारा कोश यासाठी उत्तम आहे. त्यात वाक्प्रचार आणि जोडक्रियापदे मूळ शब्दाखाली वेगळी काढून दाखवलेली असतात.

वाक्प्रचार कोणत्या मैदानातून आला, हे कळले की तो सहसा विसरत नाही. क्रिकेटमधून आलेले वाक्प्रचार आपल्याला जवळचे वाटतात: 'ऑन द बॅक फूट' म्हणजे बचावाच्या पवित्र्यात, तर 'स्टिकी विकेट' म्हणजे बिकट परिस्थिती, कारण पावसाने भिजून वाळू लागलेल्या खेळपट्टीवर चेंडू कसा उसळेल, याचा भरवसा नसतो. अमेरिकी ग्राहक मात्र बेसबॉलच्या भाषेत बोलतात. त्यांनी 'बॉलपार्क फिगर' मागितली, तर त्यांना ढोबळ अंदाज हवा असतो, काटेकोर हिशेब नव्हे; आणि 'टच बेस' करू म्हणाले, तर थोडक्यात बोलून घेऊ, एवढाच त्याचा अर्थ.

बोलणारा कोणत्या देशाचा आहे, याकडेही लक्ष असावे. ब्रिटिश इंग्रजीत एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेला घेणे. अमेरिकेत त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे चर्चा बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांमध्ये बराच वेळ वाद झाल्याचे चर्चिल यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. आपल्या विधिमंडळात कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात, ती ब्रिटिश वळणाने. त्यामुळे आपल्याला पहिलाच अर्थ सुचतो. अमेरिकी सहकाऱ्यांना ईमेल लिहिताना हा शब्द टाळून, विषय आज घ्यायचा आहे की पुढच्या बैठकीत, हे सरळ शब्दांत लिहावे.