विमानप्रवासात आजारपण कसे टाळावे

विमानप्रवासानंतर सर्दी झाली की दोष हमखास केबिनमधल्या हवेला दिला जातो. प्रत्यक्षात मोठ्या प्रवासी विमानांत ही हवा तासाला साधारण 20 ते 30 वेळा बदलते आणि तिचा जो भाग पुन्हा आत सोडला जातो, तो सहसा हेपा फिल्टरमधून, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून, गाळलेला असतो. संसर्ग येतो तो मुख्यतः जवळपास खोकणाऱ्या प्रवाशाकडून आणि आपल्याच हातांवरून.

फ्लूची लस घ्यायची असेल तर ती निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. रोजची औषधे केबिन बॅगेत ठेवावीत आणि अंगात ताप असल्यास प्रवासच पुढे ढकलावा.

जागेवर बसताच समोरचा ट्रे, हातांचे टेकू आणि पट्ट्याचे बकल जंतुनाशक वाइपने पुसून घ्यावे. खाण्यापूर्वी हात साबणाने धुणे उत्तम, कारण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. शेजारी कोणी खोकत असेल तर संकोच न करता मास्क लावावा.

केबिनमधील आर्द्रता बऱ्याचदा 20 टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे नाक, घसा आणि डोळे कोरडे पडतात. अधूनमधून घोट घोट पाणी प्यावे, मद्य टाळावे आणि कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा वापरावा.

चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकूण पाहता तो कमीच असतो; तरीही तासा-दोन तासांनी उठून चालावे आणि बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात, म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात. गर्भवतींनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा पूर्वी गुठळी झालेल्यांनी दाब देणाऱ्या मोज्यांबाबत डॉक्टरांना आधीच विचारावे.

विमान खाली येऊ लागले की झोपून राहू नये, कारण झोपेत गिळण्याची क्रिया मंदावते आणि कानांतला दाब समतोल होत नाही. जांभई द्यावी, गोळी चघळावी; तेवढ्याने भागले नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून अगदी हलकेच फुंकर मारावी. जोर लावल्यास कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. तान्ह्या बाळाला या वेळी दूध पाजावे.

प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पोटरीला सूज वा वेदना जाणवली, तर ती गुठळीची खूण असू शकते; डॉक्टरांना दाखवण्यास विलंब करू नये. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठावे.