मँगनाइटचा थर चढवण्याआधी

निओडिमियम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट (मँगनीजचं मिश्र ऑक्साइड), दोन्ही धातू निम्मे-निम्मे, हे गृहीत धरून. सुरुवात तराजूपाशी नाही, भट्टीपाशी करा. निओडिमियम ऑक्साइड हवेतलं पाणी ओढतं; पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर वजन १६ टक्के वाढतं. जुलैत नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात बाटली उघडी राहिली की टार्गेटमध्ये, म्हणजे ज्याचं द्रव्य उडवून थर चढवतात त्या वडीत, निओडिमियम कमी पडणारच. १००० अंशांवर रात्रभर भाजा आणि डेसिकेटरमधून (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातून) काढल्या काढल्या तोला. १० ग्रॅम टार्गेटला ते ३.८४ ग्रॅम लागतं, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट ३.३७ आणि मँगनीज डायऑक्साइड ३.९७. वीज जाते हे धरून टर्बो पंप (निर्वात करणारा) नि तापमान-नियंत्रक यूपीएसवर ठेवा.

सबस्ट्रेटची, म्हणजे थर ज्यावर चढतो त्या स्फटिकाची, मागणी नोंदवताना नुसतं ‘स्ट्रॉन्शियम टायटनेट’ लिहू नका, काप (स्फटिक कोणत्या पातळीवर कापलाय ते) लिहा. त्याचं जालक (अणूंच्या मांडणीतलं अंतर) ३.९०५ अँगस्ट्रॉम, मँगनाइटचं सरासरी ३.८४, म्हणजे थर सुमारे १.७ टक्के ताणला जातो. (००१) कापावर दोन्ही आडवे अक्ष सारखेच जखडले जातात, इलेक्ट्रॉन आडव्या पसरलेल्या ऑर्बिटलकडे (अणूतल्या त्यांच्या जागेकडे) झुकतात आणि चार्ज ऑर्डरिंगला, म्हणजे थंडीत इलेक्ट्रॉन ठरावीक नक्षीत गोठण्याला, लागणारी जालकाची तिरकी मोड होऊच शकत नाही. (०११) कापावर तिला वाव मिळतो, म्हणून तिथे या क्रमात जाण्याचं संक्रमण ठळक दिसतं. दोन्ही काप मागवा, थर एकाच फेरीत चढवा. नाहीतर तुलना कसली? लँथॅनम ॲल्युमिनेट दाबाच्या ताणासाठी ठीक, पण सुमारे ५४० अंशांखाली त्यात जुळे स्फटिक तयार होतात आणि क्ष-किरणांची शिखरं फाटतात.

खरी गोची ऑक्सिजनची. ऑक्सिजनच्या प्रत्येक रिकाम्या जागेमागे दोन होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) जातात. सूत्रामागे फक्त ०.०२ ऑक्सिजन कमी पडला तरी ०.५० चं डोपिंग (सूत्रामागे होलचं प्रमाण) ०.४६ होतं, आणि या संयुगात चार्ज ऑर्डरिंग ०.५० च्या अगदी आसपासच टिकतं. त्यात जालकही फुगतं. अशा थरातलं हरवलेलं संक्रमण लोक बिनधास्त ताणाच्या खात्यावर मांडतात. म्हणून थराचा एक तुकडा वाहत्या ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवून क्ष-किरणांखाली ठेवा. उभा अक्ष आखडला, तर आधीच्या आकड्यांवर विसंबू नका. निर्वातात तापलेलं स्ट्रॉन्शियम टायटनेट स्वतःच वीज वाहू लागतं, तेव्हा कोऱ्या सबस्ट्रेटचा रोधही मोजून ठेवा.

मोजणीला हेलियम नको. मूळ, ठोकळ्याच्या रूपातल्या पदार्थात फेरोचुंबकत्व २५५ केल्विनला येतं, चार्ज ऑर्डरिंग १५८ ला. ७७ केल्विनचा द्रव नायट्रोजन पुरतो. ड्यूअर (नायट्रोजनचं थर्मास-भांडं) लिफ्टमधून एकटं पाठवा, सोबत माणूस नको. थराचा रोध चार टोकांनी, मायक्रोॲम्पिअरच्या प्रवाहाने मोजा. प्रवाह वाढला की थर तापतो आणि चार्जचा क्रमही वितळू शकतो. थंड करतानाचा आणि गरम करतानाचा, दोन्ही आलेख घ्या, मिनिटाला एक-दोन केल्विनच्या वेगाने. दोघांत फट दिसली, तर तोच फेरा अर्ध्या वेगाने पुन्हा चालवा. फट बरीच आक्रसली, तर तो थर्मामीटरचा उशीर.