भजनातला पखवाज: आपला हात, मंडळाची लय

गावच्या भजनी मंडळात मी बावीस वर्षं पखवाज वाजवतोय. एकादशीला नवी पोरं शेजारी येऊन बसतात. हात तयार असतो, बोल पाठ असतात, आणि दुसऱ्याच अभंगाला टाळ फाटतात, म्हणजे टाळकऱ्यांची लय एकमेकांपासून सुटते. त्यांना जे सांगतो, तेच इथं लिहितो.

बसल्या बसल्या पेटीवाल्याला विचारा, आज बुवा कुठल्या पट्टीत गाणार. आमचे थोरले बुवा आता काळी दोनच्या वर जात नाहीत. तुमचा पखवाज चढ्या सुरात कितीही गोड बोलत असला तरी गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) सैल करून सूर खाली उतरवा. धुम्याला (डाव्या हाताच्या मोठ्या तोंडाला) कणीक वाजवून बघत बघत लावा. ती वाळली की धुम्याचा सूर चढतो, म्हणून मधे पाण्याचा हात फिरवायचा.

चरण चालू असताना साधा ठेका. आठ मात्रा, भरीव, सरळ. हेच सगळ्यात अवघड आहे. चरणात तुकोबांचे शब्द असतात आणि खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीला ते कळले पाहिजेत. बोलांची गर्दी झाली की शब्द बुडतात. तुमची जागा ध्रुपदात, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीत. टाळकरी ते उचलतात, दोन-तीनदा फिरतं, बुवा दम घेतात आणि तुमच्याकडं बघतात. ती नजर आल्याशिवाय हात सोडू नका.

सोडलात तरी लवकर परत या. सुरुवातीला एवढीच तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) बसवा: 'तिट कता धा', तीन वेळा. तिट, कता, धा, प्रत्येकाला एक मात्रा. समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, उचललीत की तिसरा धा बरोबर पुढच्या समेवर पडतो. एका सप्त्यात मी हौसेनं तीन आवर्तनांची (ठेक्याच्या तीन फेऱ्यांची) तिहाई घेतली आणि बुवांनी मधेच पुढचा चरण धरला. अर्धे टाळकरी त्यांच्याबरोबर, अर्धे माझ्याबरोबर. शेवटी विणेकऱ्यांनी पायानं ठेका देत सगळ्यांना एका लयीत आणलं. तो पाय मला अजून दिसतो.

मग आपलं म्हणून काय उरतं? डावा हात. ठेका सगळ्यांचा तोच, पण घुमक ज्याची त्याची. मी पाचव्या मात्रेला धुमा मोकळा सोडतो; मंदिराबाहेरून ऐकणारेही म्हणतात, आज हाच बसलाय. त्यासाठी एकही जादा बोल लागत नाही.

गजरात लय चढवताना सगळ्यात वयस्कर टाळकऱ्याच्या हातांकडं बघा. त्यांचा टाळ मागं राहायला लागला की तिथंच थांबा. दिंडीत चालताना तर पावलंच लय ठरवतात. बारीक बोल विसरा, खुला हात ठेवा.

भैरवी झाली की कणीक खरवडून काढा, कातडं कोरड्या फडक्यानं पुसा, आणि पुसता पुसताच पेटीवाल्याला विचारा: "दादा, आज मी कुठं पुढं पळालो?"