वजनाच्या सर्जरीनंतर दिसणं बदलतं तेव्हा कुठे थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही

माझी स्लीव्ह सर्जरी, म्हणजे वजन कमी करायला जठराचा मोठा भाग काढून ते लहान करायचं ऑपरेशन, होऊन आता तीन वर्षं होत आली. ११८ किलोवरून ७६ वर आले आणि गेलं दीड वर्ष तिथेच आहे. सर्जरीच्या आधी शुगर, गुडघे, झोपेत श्वास अडकणं सगळं नीट समजावलं होतं, पण आरशात काय दिसेल ह्याबद्दल कुणी फार बोललं नाही आणि मी पण विचारलं नाही, कारण तेव्हा वाटायचं एकदा बारीक झालं की सगळं छानच दिसणार. आता ओळखीतून सर्जरीची चौकशी करणाऱ्यांचे फोन येतात, पहिली दहा मिनिटं ऑपरेशनबद्दल बोलून होतात आणि मग हळूच प्रश्न येतो, "ताई, केस जातात का हो? कातडी लोंबते का? चेहरा म्हातारा दिसतो का?" विचारताना आवाज खाली जातो, जीव वाचवायला सर्जरी केली आणि दिसण्याचं काय घेऊन बसायचं असं वाटतं म्हणून. पण रोज तो चेहरा घेऊन आपल्यालाच वावरायचं असतं, त्यामुळे ही काळजी अजिबात फालतू नाहीये.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. दिसण्यातले काही बदल वेळ गेला की निवळतात, तिथे थांबायचं असतं. आणि काही बदल म्हणजे अंगात काहीतरी कमी पडतंय ह्याची खूण असते, तिथे थांबायचं नसतं. आपण नेमकं उलटं करतो, केस गळायला लागले की घाबरून दहा तेलं आणतो आणि पायाला मुंग्या येतायत, सारखं तोंड येतंय ते मात्र अंगावर काढतो.

केसांपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त रडणं ह्याच्यावरच होतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात पुंजके यायला लागतात, बाथरूमच्या जाळीत गोळा अडकतो, उशीवर केस दिसतात. होतं असं की ऑपरेशन आणि भराभर उतरणारं वजन हा शरीराला धक्का असतो, त्या धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. डॉक्टर ह्याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. मूळ जिवंत असतं, म्हणून टक्कल पडेल ही भीती काढून टाका, बहुतेकींचं गळणं सहाएक महिन्यांत कमी होतं आणि वर्षाच्या आसपास कपाळाशी बारीक नवे केस उभे राहिलेले दिसतात. माझी वेणी निम्म्यावर आली होती, मी खांद्यापर्यंत कापून टाकली आणि ते कमी गळतायत असं वाटायला खूप उपयोगी पडलं. ह्या काळात स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग, घट्ट अंबाडा नको. खोबरेल तेलाची मालिश आईच्या हातून जरूर करून घ्या, मन शांत होतं, पण तेलाने मुळातलं गळणं थांबत नाही.

गळणं वाढू नये म्हणून जे खरंच आपल्या हातात आहे ते म्हणजे प्रोटीन. बहुतेक डाएटिशियन दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम सांगतात आणि आपल्या जेवणात ते होता होत नाही, कारण पोट एवढंसं झालेलं आणि त्यात आपण वरण-भात भरतो. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम, अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा, म्हणजे हिशोब जमायचा तर आधी अंडं, पनीर, दह्याचा चक्का, मासे, सोयाबीन, मुगाचं धिरडं आणि मग जागा उरली तर पोळी. व्हे पावडर (दुधापासूनची प्रोटीन पावडर) सांगितली असेल तर घ्या, ती घेतली म्हणजे आपण काही जिमवाले होत नाही. आणि उपवास! एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च आहे, त्याने पोट भरतं आणि प्रोटीन शून्य. माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, शेवटी मी म्हटलं आई, ह्या वर्षी देवाला हात जोडते, उपवास तुम्ही माझ्या वाटचा धरा, आणि त्यांनी खरंच धरला.

लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास तरी ठेवा. लोहाच्या गोळीवर लगेच चहा पण नको, चहाने लोह नीट शोषलं जात नाही आणि पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य असताना हे पाळणं अवघड जातं, मला माहितीये. बायोटिनच्या गोळ्या-गमीज सगळे सुचवतात, पण शरीरात बायोटिन कमी नसेल तर त्याने केसांना विशेष फायदा होतो असं दिसलेलं नाही, वर थायरॉइडचे रिपोर्ट त्याने चुकीचे येऊ शकतात, म्हणून घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

आता केसांच्या बाबतीत कधी थांबायचं नाही ते सांगते. गळणं वर्षभरानंतर पण चालूच आहे किंवा एकदा थांबून परत सुरू झालं, नखं चमच्यासारखी खोलगट झालीत, चेहरा पांढराफटक पडलाय, जिना चढताना धाप लागते, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी१२ आणि डी, झिंक हे तपासून घ्या. आणि केसांशी संबंध नाही पण हे इथेच सांगते कारण महत्त्वाचं आहे: दिवसेंदिवस उलट्या होतायत, चालताना तोल जातोय, एकाचे दोन दिसतायत, तर हे बी१ म्हणजे थायमिन संपल्याचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.

मग कातडी. ह्याबद्दल खोटा धीर देणार नाही. कातडी वर्षानुवर्षं ताणलेली असते, आतले कोलॅजन-इलॅस्टिनचे धागे ढिले झालेले असतात, वजन उतरलं म्हणून ते परत पहिल्यासारखे आवळत नाहीत. पोट, दंड, मांड्या, छाती, हनुवटीखाली, सगळीकडे थोडंफार होतं. किती होणार ते वयावर, किती किलो गेले आणि किती वर्षं जाड होतो ह्यावर, घराण्यावर आणि तंबाखूवर अवलंबून असतं. सिगारेट तर आहेच पण मिश्री लावत असाल तर ती पण तंबाखूच आहे, सोडा. महागडी क्रीमं घेऊन दोन हजार रुपये मी पण घालवलेत, कातडी मऊ झाली, आवळली नाही.

फरक पडला तो वजन उचलण्याने. मी सुरुवातीला नुसती चालायचे, तळजाईला, पुढे जमायला लागल्यावर पर्वतीच्या पायऱ्या. चालणं हृदयाला उत्तमच, पण दंड आणि मांड्या भरायला डंबेल किंवा रबरी बँड लागतात, आत स्नायू आला की वरची कातडी जरा भरल्यासारखी दिसते. पहिले काही आठवडे जड उचलायचं नाही, सर्जनने हो म्हटल्यावरच सुरू करा.

घड्यांमधलं पुरळ हा त्रास कुणी बोलून दाखवत नाही. पोटाखाली, छातीखाली, जांघेत घाम साठतो, खाज सुटते, लाल होतं, वास येतो, आणि पावसाळ्यात तर कपडेच वाळत नाहीत. अंघोळीनंतर घड्या उचलून टिपून कोरड्या करा, पातळ सुती कापड मध्ये ठेवा, आतले कपडे सुती आणि पूर्ण वाळलेले घाला. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून काहीतरी आणू नका, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, आधी बरं वाटतं मग फंगस पसरतं आणि आधीच ढिली असलेली कातडी अजून पातळ होते. स्किनच्या डॉक्टरला दाखवा आणि प्रत्येक वेळचा फोटो आणि चिठ्ठी जपून ठेवा, का ते आता सांगते.

कातडी काढायची प्लास्टिक सर्जरी असते, पोटाची, दंडाची, मांडीची. त्याची घाई नको. वजन निदान सहा महिने एका जागी थांबलेलं पाहिजे आणि ते साधारण सर्जरीनंतर वर्ष-दीड वर्षाने होतं. आधी केलं आणि अजून दहा किलो उतरले की परत लोंबतं. पोटाच्या ऑपरेशनचा व्रण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत जातो, दंडाचा आतल्या बाजूने उभा राहतो, म्हणजे कातडीच्या बदल्यात व्रण घ्यायचा असा सौदा आहे, तो आपल्याला मंजूर आहे का हे शांतपणे ठरवा. हिमोग्लोबिन आणि प्रोटीन कमी असेल तर जखम भरत नाही. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतच एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी घेतलेले आहेत ना आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद आहे ना ते बघा, भारी इंटिरियरच्या कॉस्मेटिक क्लिनिकला भुलू नका. इन्शुरन्सचं म्हणाल तर वजनाची सर्जरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, अशा अटींवर पॉलिसीत बसू शकते, पण कातडीचं ऑपरेशन कॉस्मेटिक म्हणून सहसा नाकारतात. वारंवार इन्फेक्शन होतंय आणि उपचार म्हणून गरज आहे हे दाखवता आलं तरच बोलायला जागा राहते, म्हणून ते फोटो. मी अजून केलेलं नाही, दंडाला लांब बाही चालते मला, पोटाचं बघू.

चेहऱ्याचं मात्र थोडं थांबा. सहाव्या ते दहाव्या महिन्यात चेहरा सगळ्यात वाईट दिसतो, गाल बसलेले, डोळे खोल, मानेला सुरकुत्या. वजन थांबल्यावर तो बराचसा सावरतो, आणि तोपर्यंत फिलर (गाल भरून दिसायला देतात ती इंजेक्शनं) वगैरेचा निर्णय घेऊ नका. नेमक्या ह्याच काळात घरात गणपती किंवा कुणाचं तरी लग्न असतं आणि आत्या सगळ्यांसमोर म्हणते, "अगं किती खंगलीस! काही आजार बिजार नाही ना?" माझ्या डोळ्यात पाणी यायचं. ह्याला उत्तर घरूनच तयार करून जा. "तब्येत मस्त आहे आत्या, शुगरची गोळी बंद झाली" एवढं म्हणायचं आणि विषय त्यांच्या गुडघ्यावर न्यायचा. सर्जरीचं सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न, पण घरातल्या एकाला तरी सगळं माहीत असू द्या, जो अशा वेळी "चल गं, आत ये जरा" म्हणून बाजूला घेईल. माझी नणंद ते करायची.

कपड्यांना पहिलं वर्ष पैसे घालू नका. साडी ह्या काळात सगळ्यात सोयीची, फक्त ब्लाउज बदलावे लागतात, आणि ते पण जुनेच दोनदा आत घेता येतात. कुर्ते घराजवळच्या आल्टरवाल्याकडे द्या, नवीन लागलेच तर तुळशीबागेतून दोन-तीन साधे घ्या, लक्ष्मी रोडची मोठी खरेदी वजन थांबल्यावर. ब्रा मात्र दर दोन-तीन महिन्यांनी माप घेऊन बदला, चुकीच्या मापाने छाती आहे त्यापेक्षा जास्त उतरलेली दिसते आणि पाठ दुखते. बोटं पण बारीक होतात. माझी लग्नातली अंगठी भांडी घासताना निसटून सिंकमध्ये गेली, प्लंबरने पाइप खोलून काढून दिली म्हणून वाचली. अंगठीला आतून दोरा गुंडाळा किंवा डब्यात ठेवा, पाटल्या मोडायची, अंगठी कापून लहान करायची घाई नको.

आणि आता जे मला सगळ्यात जड गेलं ते. वजन गेलं तरी डोक्यातलं माप लगेच बदलत नाही. पीएमपीच्या बसमध्ये मी अजून तिरकी होऊन दोन सीटमधून जायचे, मंगल कार्यालयात बसायच्या आधी खुर्चीचे पाय बघायचे, दुकानात डबल एक्सेल मागायचे. आरशात जुनीच मी दिसायचे आणि फोटोत कुणीतरी अनोळखी बाई. मला कामाला आलं ते असं: महिन्यातून एकदा, त्याच तारखेला, त्याच ड्रेसवर, त्याच खिडकीपाशी एक फोटो आणि टेपने कंबर-दंडाचं माप वहीत, बास. काटा आठवड्यातून एकदाच. अंघोळीनंतर मॉइश्चरायझर लावताना पोटावर, मांड्यांवर सावकाश हात फिरवायचा, डोळे मिटून, मला हे आधी नको वाटायचं पण हाताला नवीन अंग कळायला लागलं की डोक्याला पण हळूहळू कळतं. एक जुना कुर्ता ठेवा, बाकी देऊन टाका.

पुरुषांनी पण हे वाचा, छातीची कातडी लोंबते म्हणून पोहायला न जाणारे, शर्ट न काढणारे कितीतरी जण आहेत आणि ते कुणाशीच बोलत नाहीत.

जिथे थांबायचं नाही ती शेवटची जागा म्हणजे हे डोक्यातलं. वजन परत चढेल ह्या भीतीने जेवण टाळताय, मुद्दाम उलटी काढताय, आरशासमोर तासन्‌तास जातायत किंवा आरसेच झाकून ठेवलेत, दारू वाढलीये (सर्जरीनंतर, खास करून गॅस्ट्रिक बायपास ह्या वजनाच्याच दुसऱ्या सर्जरीनंतर, दारू पटकन आणि जास्त चढते), जगायला नको वाटतंय, तर पुढच्या फॉलोअपची वाट न बघता सर्जनच्या टीमला सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा म्हणून मागे लागा. सर्जरीनंतर काही जणांना हे होतं आणि डॉक्टरांना ते माहीत असतं. बाहेर पडवत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी चौदाव्या महिन्यात पहिल्यांदा काउन्सेलरकडे गेले, सहाव्या महिन्यातच जायला हवं होतं.

बाकी आधारवरचा फोटो बदलायचं काम राहिलं तर राहू द्या, वजन थांबल्यावर एकदाच केंद्रात जाऊन करा. तोपर्यंत बँकेत किंवा एअरपोर्टला कुणी दोनदा चेहरा बघेल, म्हणून पर्समध्ये सर्जरीच्या डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स ठेवा.