आधी परीक्षा, मग पैसा: कौशल्य प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय सुधारणेचा आराखडा कसा आखावा

शाळेनंतरच्या व्यवसाय शिक्षणात देशपातळीवर सुधारणा करायचे ठरले, की आराखड्याचे काम हाती आलेली मंडळी बहुधा निधीच्या आकड्यापासून किंवा नव्या महामंडळाच्या नावापासून सुरुवात करतात. या दोन्ही गोष्टी मागाहून ठरवाव्यात. प्रशिक्षण पूर्ण केलेल्या माणसाला नेमके काय करता आले पाहिजे आणि ते त्याला येते की नाही हे कोण तपासणार, याचे उत्तर कागदावर उतरेपर्यंत निधीचा पहिला हप्ताही सोडू नये.

हा क्रम उलटा झाला की काय होते, याचा अनुभव इंग्लंडने घेतला आहे. तेथे 2000 साली प्रौढांसाठी वैयक्तिक शिक्षणखाती उघडून शुल्कात सवलत देण्यात आली आणि नव्या संस्था पुढे याव्यात म्हणून त्यांची पूर्वतपासणी जवळजवळ वगळण्यात आली. उद्दिष्ट 10 लाख खात्यांचे होते; उघडली गेली 25 लाखांहून अधिक, आणि गैरव्यवहार उघडकीस आल्यावर नोव्हेंबर 2001 मध्ये योजना घाईघाईने गुंडाळावी लागली. ऑस्ट्रेलियात व्यवसाय शिक्षणासाठीच्या शुल्ककर्जाची रक्कम 2009 मधील सुमारे अडीच कोटी डॉलरवरून 2015 मध्ये 290 कोटी डॉलरवर गेली; काही खासगी संस्थांचे दलाल मोफत लॅपटॉपचे आमिष दाखवून नावे नोंदवून घेत होते. ती योजना 2016 अखेर बंद झाली. दोन्ही ठिकाणी पटावरचे नाव हाच पैसे मिळण्याचा आधार होता. म्हणून अनुदानाचा काही भाग प्रवेशावर, काही प्रत्यक्ष हजेरीवर आणि काही त्रयस्थ परीक्षेनंतर द्यावा. मात्र सगळेच अनुदान निकालाला बांधू नये, कारण तसे केल्यास कच्च्या विद्यार्थ्याला संस्था दारातूनच परत पाठवू लागतात.

आता निकष कसा लिहावा, ते पाहू. येथे घाई करणे सर्वांत महागात पडते. ‘विद्यार्थ्याला वेल्डिंगचे ज्ञान असेल’ हे वाक्य निकष म्हणून निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहावे: दहा मिलिमीटर जाडीच्या दोन पोलादी पट्ट्यांच्या कडा विद्यार्थ्याने स्वतः घासून तयार कराव्यात, पट्ट्या उभ्या स्थितीत जोडाव्यात, जोड वाकवून पाहिल्यावर त्याला चीर जाऊ नये, आणि विद्युतप्रवाह कितीवर ठेवला व का, हे परीक्षकाने विचारल्यास सांगता यावे. असे वाक्य लिहायला बसले, की एका विद्यार्थ्यामागे किती इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या) खर्ची पडतील, किती यंत्रे लागतील आणि एका निदेशकाच्या, म्हणजे कार्यशाळेत शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या, हाताखाली किती जण ठेवता येतील, हेही ठरवावे लागते. खर्चाचे अंदाजपत्रक या वाक्यातूनच निघते. वित्त विभागाने आधी ठरवून दिलेल्या दरडोई रकमेत निकष बसवायला गेलात, तर प्रात्यक्षिक गळते आणि लेखी परीक्षा तेवढी उरते.

हे निकष मंत्रालयाने एकट्याने लिहू नयेत. जर्मनीत 1969 च्या व्यवसाय शिक्षण कायद्याखाली सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत आणि त्यांचे नियम मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी एकत्र बसून घडवतात. परीक्षा समितीतही दोन्ही बाजूंचे सदस्य समसंख्येने असतात आणि त्यांच्याबरोबर किमान एक शिक्षक असतो. ही पद्धत संथ आहे, वादही होतात, पण तिच्यातून मिळालेल्या प्रमाणपत्रावर कारखानदार विश्वास ठेवतो.

उद्योगांना केवळ सल्लागार समितीवर बोलावणे पुरेसे नाही. त्यांचा पैसा आणि त्यांच्या कारखान्यातील जागा, दोन्ही हवेत. उपकर लावायचा असेल, तर त्यातून कोणाला शिकवता येईल हे आधीच बांधून द्यावे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2017 पासून वर्षाला 30 लाख पौंडांपेक्षा जास्त वेतनखर्च असलेल्या मालकांवर 0.5 टक्के उपकर लागला. त्यानंतर इंग्लंडमधील नव्या शिकाऊ उमेदवारांची संख्या 2016-17 मधील सुमारे 4 लाख 95 हजारांवरून पुढच्या वर्षी सुमारे 3 लाख 76 हजारांवर आली, आणि पैसा हळूहळू वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांकडे सरकला. जागांचेही तसेच. इंग्लंडने 2020 मध्ये सोळा वर्षांपुढील विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या टी-लेव्हल या तांत्रिक अभ्यासक्रमात किमान 315 तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी काढावे लागतात. असा नियम करण्यापूर्वी जिल्ह्याजिल्ह्यात इतक्या जागा देणारे मालक आहेत का, हे नावानिशी मोजून घ्यावे.

निदेशकांचा प्रश्न बहुतेक आराखड्यांत शेवटच्या पानावर ढकललेला आढळतो. तो पहिल्या वर्षाच्या कामात घ्यावा. कुशल कारागिराला कारखान्यात मिळते तेवढे वेतन संस्थेत मिळत नसेल, तर चांगला माणूस शिकवायला येणार नाही. शिवाय हाताने काम येणे आणि ते शिकवता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्यातील प्रशिक्षकांसाठीची पात्रता परीक्षा जर्मनीने 2003 मध्ये, जास्त कंपन्यांनी उमेदवार घ्यावेत म्हणून, स्थगित केली आणि 2009 मध्ये ती पुन्हा लागू केली.

संस्थांच्या विलीनीकरणाबद्दल थोडक्यात: ते शक्यतो टाळावे. न्यूझीलंडने 2020 मध्ये 16 तंत्रसंस्था एकाच छत्राखाली आणल्या आणि 2023 मध्ये सरकार बदलताच ती रचना मोडण्याचा निर्णय झाला. पाट्या आणि पदनामे बदलण्यात गेलेला वेळ कार्यशाळेला मिळत नाही.

वेळापत्रक आखताना साधा हिशेब करावा. निकष लिहायला एक वर्ष, निदेशक तयार करायला आणखी एक, आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा. म्हणजे पहिली तुकडी पाचव्या वर्षाच्या शेवटी बाहेर पडेल, बहुधा निवडणुकीनंतर. म्हणून सुरुवात दोन-तीन व्यवसायांत आणि मोजक्या जिल्ह्यांत करावी, जुने अभ्यासक्रम तोपर्यंत चालू ठेवावेत, आणि उत्तीर्णांपैकी किती जण वर्षभरानंतर त्याच कामावर आहेत, हे मोजणाऱ्या यंत्रणेची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करून ठेवावी.