वैद्यकीय हयगयीबद्दल ग्राहक आयोगात दावा कसा दाखल करावा

रुग्ण दगावला किंवा शस्त्रक्रियेनंतर कायमचे अपंगत्व आले, की डॉक्टरांवर केस करता येईल का, हा प्रश्न घरच्यांच्या मनात सर्वांत आधी येतो. कायद्याच्या दृष्टीने त्याच्याही आधी एक प्रश्न आहे, तो म्हणजे जे घडले ते उपचारांना आलेले अपयश होते की उपचार करणाऱ्यांची हयगय होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात याची कसोटी पक्की केली. त्या शाखेतील सर्वसाधारण कौशल्य असलेल्या डॉक्टरने त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली गेली की नाही, एवढेच पाहायचे असते. दोन मान्य उपचारपद्धतींपैकी डॉक्टरांनी एक निवडली आणि ती लागू पडली नाही, तर ती हयगय होत नाही. याउलट, केसपेपरवर ॲलर्जीची नोंद असताना तेच इंजेक्शन दिले गेले असेल, तर बचावाला फारशी जागा उरत नाही. हयगय दिसली तरी तेवढ्याने भागत नाही. रुग्णाची हानी त्याच हयगयीमुळे झाली, हा दुवाही दाखवावा लागतो, आणि माझ्या मते बहुतेक दावे कोसळतात ते याच ठिकाणी.

तक्रारीचे मार्ग तीन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पण भरपाई देत नाही. पोलिसांकडे जाण्याचा मार्ग घोर निष्काळजीपणापुरता आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मात्र तिथे लागणारा पुरावा फार वरच्या दर्जाचा असतो. पैशांच्या रूपाने भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग हाच सोपा आणि स्वस्त मार्ग आहे. रागाच्या भरात आधी पोलीस ठाणे गाठणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो, कारण फौजदारी तपास रेंगाळतो आणि तोवर दिवाणी बाजूची मुदत निघून जाते.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात १९९५ साली ठरले. जिथे सर्वच रुग्णांवर पूर्णपणे मोफत उपचार होतात, असे रुग्णालय या कायद्याबाहेर राहते. मात्र काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार मिळालेला रुग्णही ग्राहक ठरतो. बिल विमा कंपनीने किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेने भरले असेल, तर ती सेवा मोफत मानली जात नाही. रुग्णाचा मृत्यू झाला असल्यास कायदेशीर वारस आणि रुग्ण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील असल्यास पालक तक्रार करू शकतात.

आता मुख्य काम, म्हणजे कागद. घरी मिळालेले डिस्चार्ज कार्ड आणि बिले एवढ्यावर दावा उभा राहत नाही. आपल्याला रुग्णालयातील संपूर्ण केसपेपर हवेत: दाखल करतानाची टिपणे, डॉक्टरांच्या फेरीच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नोंद, शस्त्रक्रियेचे टिपण, संमतीपत्र, तपासण्यांचे अहवाल आणि क्ष-किरण किंवा स्कॅनच्या फिल्म. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत ही कागदपत्रे द्यावी लागतात, तर दाखल झालेल्या रुग्णाचे दप्तर उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागते. मागणी तोंडी करू नये. साध्या कागदावर रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख लिहून अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. पोच देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. कागद दिलेच नाहीत, तर ही पोच हाच आपला पुरावा होतो, कारण दप्तर दडवणाऱ्या रुग्णालयाबद्दल आयोग प्रतिकूल अनुमान काढू शकतो, म्हणजे त्या कागदांत रुग्णालयाच्याच विरोधात काही असावे असे धरू शकतो.

कागद हाती आल्यावर ते वाचण्याची एक पद्धत आहे. एका वहीत डावीकडे तारीख आणि वेळ, मध्ये त्या वेळची नोंद आणि उजवीकडे ती नोंद कोणत्या पानावर आहे, असे लिहीत जावे. समजा, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रात्री अकरा वाजता नर्सने नाडी ११८ आणि रक्तदाब उतरल्याची नोंद केली आणि पुढे 'डॉक्टरांना कळवले' असे लिहिले, पण डॉक्टरांची पुढची नोंद थेट सकाळी साडेसातची आहे. मधले साडेआठ तास हाच आपला दावा. बाकीची दीडशे पाने त्याभोवतीचा तपशील. संमतीपत्रही असेच बारकाईने पाहावे. छापील अर्जावर सही आहे, पण शस्त्रक्रियेचे नाव, धोके आणि पर्याय यांच्या जागा कोऱ्या आहेत, असे अनेकदा आढळते. केवळ तपासणीपुरती दिलेली संमती मोठ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. तातडीने जीव वाचवण्याचा प्रसंग तेवढा त्याला अपवाद.

ही वही घेऊन त्याच शाखेतील, पण त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाहीत, ही अडचण खरी आहे. मात्र प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. पोटात कापसाचा बोळा राहिला असेल तर तिथे हयगय आपोआप बोलते. गुंतागुंतीच्या प्रकरणात आयोगाकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या तज्ज्ञांचे मत मागवण्याचा अर्ज करता येतो. आणि तटस्थ डॉक्टरांनीच हयगय दिसत नाही असे सांगितले, तर तिथेच थांबण्याचा विचार जरूर करावा.

मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ नुसार दाव्याचे कारण घडल्यापासून ती मोजली जाते. उशिराला सबळ कारण असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण त्यावर विसंबू नये. हानी नंतर उघडकीस आली तर मुदत ती कळल्यापासून धरता येते. यालाही मर्यादा आहे. एका परिचारिकेची १९९३ साली पित्ताशयाच्या खड्यांची शस्त्रक्रिया झाली, पुढे अनेक वर्षे पोट दुखत राहिले, २००२ साली दुसऱ्या शस्त्रक्रियेत आत राहिलेला गॉजचा तुकडा निघाला आणि तिने २००४ साली तक्रार केली. इतकी वर्षे वेदना होत असताना आधीच्या डॉक्टरांकडे विचारणा का केली नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रार मुदतबाह्य ठरवली. त्रास सुरू असेल तर त्याच डॉक्टरांना लेखी कळवत राहणे किती गरजेचे आहे, ते यावरून दिसते.

कोणत्या आयोगाकडे जायचे, हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर उपचारांसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ती रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. म्हणजे बिल तीन लाखांचे असले आणि मागणी ८० लाखांची असली, तरी तक्रार जिल्हा आयोगातच दाखल होते. ५ लाखांपर्यंतच्या बिलाला शुल्क नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे गावच्या माणसाला शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत. वकील सक्तीचा नाही; तरी वैद्यकीय प्रकरणात मी तो घ्यावा असेच म्हणेन.

तक्रारीत विशेषणे कमी आणि वेळा जास्त असाव्यात. 'अमानुष वागणूक' या शब्दांपेक्षा 'रात्री ११ ते सकाळी ७.३० या काळात एकाही डॉक्टरने रुग्णाला तपासले नाही, नर्सिंग चार्ट पान ४२' हे वाक्य जड पडते. सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष, म्हणून रुग्णालय आणि उपचार करणारे डॉक्टर या दोघांनाही जोडावे. मागणीची फोड करावी: झालेला खर्च, पुढील उपचारांचा अंदाजित खर्च, बुडालेले उत्पन्न, शारीरिक वेदना व मानसिक त्रास, दाव्याचा खर्च. प्रत्येक आकड्यामागे कागद असावा, म्हणजे वेतनचिठ्ठी, प्राप्तिकर विवरणपत्र, अपंगत्वाचे प्रमाणपत्र. हे सारे शपथपत्रासह दाखल करावे. ऑनलाइन दाखल करण्याचीही सोय आहे.

सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि वाढीव १५ दिवस मिळतात. त्यानंतर मुदत वाढवता येत नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले आहे. मृत्यू किंवा गंभीर इजेच्या वैद्यकीय प्रकरणात आयोग मध्यस्थीकडे पाठवत नाही. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, वस्तूंची तपासणी किंवा चाचणी लागल्यास पाच महिने लिहिली असली, तरी प्रत्यक्षात वर्षे जातात हे धरूनच निघावे. मधल्या काळात रुग्णालयाकडून तडजोडीचा निरोप आला, तर 'सर्व दावे मिटले' असे लिहिलेल्या कागदावर पुढील उपचारांचा हिशेब झाल्याशिवाय सही करू नये. जिल्हा आयोगाच्या निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, आणि भरपाईचा आदेश झालेल्या पक्षाला अपील करायचे असेल तर त्या रकमेपैकी निम्मी आधी जमा करावी लागते.